एका वेळी तिघेच

तिने बाबांचा कॉम्प्युटर, बाबांचा फोन आणि आईचा टॅब जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडले आणि प्रत्येकावर घरची मेल उघडली. कॉम्प्युटरवर आणि फोनवर उघडली. टॅबवर मात्र चक्र नुसतं गरगरत राहिलं. मग टॅब चालला, तर फोन अडला.

"वर्षभर हा छळ चाललाय," बाबा दारातून म्हणाले. पुढच्या खोलीतल्या त्यांच्या छापखान्याची कामं याच मेलवर येत. "गिऱ्हाईक म्हणतं पाठवलंय, आणि इथे नन्नाचा पाढा. शास्त्रज्ञबाई, तुमच्या पदवीचा घराला काही उपयोग?"

"आधी रोग कळू द्या, बाबा. मग औषध."

"चालतंय की अधूनमधून," आई ओट्याकडे तोंड करूनच म्हणाली. "राहू दे ना, बयो. कशाला हात लावतेस?"

तिने वायफाय बंद करून फोनच्या नेटवर पाहिलं. अडचण तीच. म्हणजे खोट घरात नव्हती, खात्यात होती. सेवा जुनाट, एका वेळी तीनच यंत्रांना आत घेणारी. तिने खात्यात नोंदलेल्या यंत्रांची यादी उघडली. चार होती.

"कुणीतरी परकं आपली मेल वाचतंय. खातं एका वेळी तिघांनाच घेतं; ते आत आलं की आपल्यातलं एक बाहेर पडतं."

"मग हाकल त्याला!"

आईच्या हातातला चमचा भांड्यावर आपटला. तोवर हिने सगळ्यांना बाहेर काढून पासवर्ड बदललाही होता. तिन्ही यंत्रं एकदम सुरू झाली. बाबा खुशीत कॉम्प्युटर उचलून पुढे गेले आणि छपाईचं यंत्र धडधडू लागलं.

आई हात पुसत टेबलाशी आली.

"चौथा फोन कुठला होता गं?"

तिने मॉडेल वाचून दाखवलं, आणि वाचता वाचताच तिचा आवाज खाली गेला. त्या फोनचा फुटलेला कोपरा तिनेच चिकटपट्टी लावून सांधला होता. बाबांशी भांडून दादा घराबाहेर पडला तेव्हा तोच त्याच्या खिशात होता. त्यानंतर नंबर बंद, पत्ता नाही.

"मी त्याला मेलच्या मसुद्यांत लिहून ठेवायचे," आई म्हणाली. "बाबा तिथे कधी बघत नाहीत. पाठवायचं कुठे, ते माहीत नव्हतं. मग एखाद्या दुपारी माझा टॅब अडायचा." तिने टॅबची काच पुसली. "अडला की कळायचं, वाचतोय."

"मला सांगायचंस ना गं."

"तू बाबांना सांगितलं असतंस. त्यांनी पासवर्ड बदलला असता."

तिने घाईघाईने जुना पासवर्ड परत टाकला. आधी वापरलेला चालणार नाही, असं पडद्यावर आलं. तिने तो पुन्हा टाकला, या वेळी एकेक अक्षर जपून, जणू चूक बोटांचीच होती. उत्तर तेच आलं.

"झकास चालतंय गं!" पुढच्या खोलीतून बाबा ओरडले. "एकदाही तुटलं नाही!"

आईने टॅब तिच्याकडे सरकवला.

"माझ्यावरची मेल काढून टाक."

"का?"

"तिघांनाच घेतं म्हणालीस ना? एक जागा मोकळी असू दे."

नव्या पासवर्डाशिवाय मोकळ्या जागेचा काही उपयोग नाही, हे वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं. तिने टॅब जवळ ओढला आणि आईला खात्यातून बाहेर काढलं.