डॉक्टरबाई चालू लागल्या

त्या रविवारी चर्चमध्ये इतकी गर्दी होती, की साक्षात देव आला असता तर त्यालाही दाराशी उभं राहावं लागलं असतं. एरवी तिथं बाकं जास्त आणि माणसं कमी. पाद्रीबाबा प्रवचन करायचे ते बाकांनाच, आणि बाकं निमूट ऐकून घ्यायची. घरदार सोडून, समुद्र ओलांडून ते आणि त्यांची डॉक्टर बायको या परमुलखात सेवेला आले, त्याला बरीच वर्षं झाली होती. बायकोच्या दवाखान्यात रांग लागायची, नवऱ्याच्या चर्चमध्ये लागायची नाही. यावर घरात कुणी बोलायचं नाही. फक्त जेवताना चमचे जरा जोरात वाजायचे.

आज मात्र झंझावात आले होते. हे टोपणनाव त्यांचं त्यांनीच ठेवलं होतं. पांढरा सूट, पांढरे बूट, दात त्याहून पांढरे. गावोगाव फिरून ते लंगड्यांना चालवत, रोग्यांना बरं करत, आणि मग चटकन पुढच्या गावाला जात.

डॉक्टरबाई सकाळपासून दवाखान्यात उभ्या होत्या. त्या चर्चच्या दाराशी पोचतात न पोचतात, तोच छातीवर निळा पट्टा लावलेला एक सेवक चाकांची खुर्ची घेऊन धावला.

"बाई, दमलेल्या दिसता. बसा, मी नेतो. अगदी पुढची जागा आहे."

पाय ठणकत होते. बाई बसल्या. फुकटची खुर्ची आणि वर पुढची जागा, नाही कोण म्हणणार?

पुढं तशाच खुर्च्यांची रांग होती. शेजारच्या आजीच्या मांडीवर भाजीची पिशवी होती.

"काय होतंय आजी तुम्हाला?"

"मला? काही नाही बाई. गुडघा जरा कुरकुरतो. बाजारातून चालत आले, तर या पोरानं बसवलं. फार गुणी पोर."

तेवढ्यात झंझावात आजींसमोर आले. "गुडघ्यांनो, ऐका! सांध्यांनो, कान द्या! स्वर्गातून वंगण उतरतंय! उठा आजी, उठा!"

आजी उठल्या. लोकांनी छप्पर डोक्यावर घेतलं. कोण बरं झालं ते बघायला आजींनी मागं वळून पाहिलं.

डॉक्टरबाईंना हसू फुटणार, एवढ्यात झंझावातांनी पेटीवालीच्या मुलीला पुढं बोलावलं. पेटीवाली म्हणजे चर्चमध्ये पेटी वाजवणारी बाई. तिच्या लेकीला लहानपणापासून मधुमेह. डॉक्टरबाईंच्या इन्सुलिनवर ती जगत होती. झंझावातांनी पोरीच्या कपाळावर तळहात आपटला.

"साखरेच्या सैताना, बाहेर हो! औषध म्हणजे संशय! टाका तो संशय!"

पेटीवालीनं इन्सुलिनचा डबा जमिनीवर टाकला. पट्टेवाल्या सेवकानं त्यावर बूट ठेवला. आतल्या काचेच्या बाटल्या कचकन फुटल्या.

"अरे, थांब!" डॉक्टरबाई खुर्चीतून ताडकन उठल्या आणि धावल्या.

मग कुणीतरी किंचाळलं, "चालली! पाद्रीबाबांची बायको चालली!"

"चालली कसली, धावली!"

लोक रडू लागले. ज्यांनी कालच दवाखान्यात धडधाकट उभ्या असलेल्या बाईंकडून गोळ्या घेतल्या होत्या, तेसुद्धा रडू लागले.

"मी चालतच आले होते!" बाई ओरडल्या.

"ऐकलंत?" झंझावात माईकमध्ये गहिवरले. "आजाराची आठवणसुद्धा पुसली गेली!"

"अहो, डोकं चालवा जरा! आपल्या पायांनी आलेल्यांना हे दारात यांच्या खुर्चीत बसवतात, पुढं आणतात आणि उठायला सांगतात. खरा अधू माणूस बघायचाय? तो बघा, खांबामागं!"

खांबामागं शिंपीदादा स्वतःच्या जुन्या खुर्चीत बसले होते. "मी केव्हाचा हात वर करून बसलोय," ते म्हणाले. "मला कुणी पुढं नेईना."

"दादा, तुमचा विश्वास कमी पडतो," झंझावात हळहळले.

"विश्वास भरपूर आहे हो. पाय हलत नाहीत."

लोकांनी शिंपीदादांकडे असं पाहिलं, जणू त्यांनी देवाचा अपमान करायला मुद्दाम पाय हलवले नव्हते.

पेटीवाली मात्र थबकली. डॉक्टरबाईंनी तिचे दोन्ही खांदे धरले. "अगं, हिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही. सुई बंद केलीस तर पोर जाईल. दवाखान्यात दुसऱ्या बाटल्या आहेत, चल आत्ता."

पेटीवालीनं लेकीकडे पाहिलं, मग पाद्रीबाबांकडे. "बाबा, तुम्ही कधी खोटं बोलला नाहीत. तुम्ही सांगा. बाईंचे पाय अधू होते का? तुम्ही नाही म्हणालात, तर मी पोरीला घेऊन दवाखान्यात जाते."

झंझावातांनी माईक पाद्रीबाबांच्या हातात दिला.

"अहो, सांगा ना," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सकाळी चहा कुणी आणून दिला तुम्हाला?"

पाद्रीबाबांनी बाकांकडे पाहिलं. एकही बाक रिकामं नव्हतं. बाहेर खिडक्यांना माणसं लटकली होती. त्यांनी डोळे मिटले.

"प्रभूचे मार्ग," ते म्हणाले, "आपल्याला कळत नाहीत."

"मी चहाचं विचारतेय!"

पण पेटीवालीनं पोरीला छातीशी धरलं होतं आणि सगळं चर्च गाऊ लागलं होतं. डॉक्टरबाई पोरीकडे झेपावल्या, तेव्हा दोन सेवकांनी त्यांना पुन्हा अदबीनं खुर्चीत बसवलं आणि ढकलत बाहेर नेऊन सोडलं. संध्याकाळी झंझावात मायलेकींना साक्ष द्यायला पुढच्या गावी घेऊन गेले.

तिसऱ्या दिवशी पोर परत आली, बेशुद्ध. उठली मात्र नाही. डॉक्टरबाईंनी इन्सुलिन दिलं, सलाईन लावलं, रात्रभर हात सोडला नाही. फार उशीर झाला होता. झंझावातांचा निरोप आला, की आईचा विश्वास ऐन वेळी डळमळला, त्याला आपण काय करणार. त्या संध्याकाळी त्यांच्या सभेत आणखी एक आजी उठल्या.

दफनाच्या दिवशी चर्च पुन्हा गच्च भरलं. पाद्रीबाबा उभे राहिले.

"माझ्या बायकोचे पाय धडधाकट होते," ते म्हणाले. "सकाळी तिनं मला चहा दिला होता. ती चालत आली आणि तिला बसवलं गेलं. चमत्कार उठण्यात नव्हता, युक्ती बसवण्यात होती. यापुढं कुणी उठला, तर टाळ्या वाजवण्याआधी त्याला विचारा, तुला बसवलं कुणी? प्रार्थना करा, जरूर करा, पण औषध घेऊन करा. ज्याला तुमचं औषध फोडावं लागतं, तो तुमचा वैरी आहे. देवानं डोकं दिलंय ते—"

पहिल्या बाकावरून पेटीवाली उठली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"हे सगळं तुम्हाला रविवारीही ठाऊक होतं, बाबा," ती म्हणाली. "आणि मी विचारलंही होतं."