गेलेली शीळ

आमचं माणूस हैदराबादच्या बांधकामावरनं परत आलं ते सायब हुऊनच, असं मला वाटलं हुतं. हळ्ळीखेडात ह्यांची शीळ म्हणजे शीळ हुती! ओढ्यापल्याड गेलेली मेंढरं एका शिळंला माना वर करायची. परत आल्यावर नुसती हाळी मारायचे, हातवारे करायचे. 'शीळ कामून घालंनात?' म्हणलं तर, 'शोभतंय का आता?' माझी भाकर बी गोड लागंना. दुधात कुस्करून द्या, न्हाईतर आंबील द्या. मी म्हणायची, बिर्याणी खाल्लेल्या तोंडाला आमची ज्वारी कशाला रुचंल! दोन वर्सं असे टोमणे मारले मी.

मग एका सकाळी ह्यांचं पोट फुगलं, कळा सुरू झाल्या. जीपमधी घालून बिदरच्या दवाखान्यात नेलं. आतड्याला पीळ पडलाय, आत्ताच पोट उघडलं न्हाई तर माणूस हाती लागायचं न्हाई, म्हणले.

भूल देणारे डाक्टर श्रीहर्ष आले. पोरसवदा, चष्मेवाले.

"पिराप्पा, आ करा बघू."

ह्यांनी आ केला. डाक्टरचं एक बोट बी आत जाईना.

"गुटखा खाता?"

ह्यांनी मान खाली घातली.

"अक्का, गुटख्यानं ह्यांचे गाल आतून आवळलेत. तिखट झोंबतं, घास मावत नाही. अशा माणसाला शीळसुद्धा घालता येत नाही."

मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्ये भिंतीकडं बघायलते. आरं देवा, सायबी न्हवती ती, लाज हुती! "सांगायला जीभ झडली हुती का?" म्हणलं, आन् मलाच रडू फुटलं.

डाक्टरनं समजावून सांगितलं. भूल दिली की दम बंद पडतो, मग घशात नळी घालून दम द्यावा लागतो. ती घालायला तोंड उघडायला पायजे. आत बघायची दुर्बीण मोठ्या शहरात असती, हितं न्हाई, आन् तिकडं न्यायला येळ न्हाई. मग त्यांनी एक नळी दाखवली. तिच्या टोकाला चक्क खेळण्यातली शिट्टी!

"माझा अभ्यासच ह्यावर चाललाय. माणूस जागा असतानाच नळी नाकातून घालायची. दम चालला की शिट्टी वाजते. आवाज वाढेल तिकडं नळी सरकवायची. मोठ्या डॉक्टरांसमोर करून बघितलंय, जमलंय."

"हितं माझा जीव टांगणीला लागलाय, आन् तुमी शिट्ट्या वाजवायलाव?" मी खेकसले. पण दुसरी वाट न्हवती. अंगठा दिला.

जरा येळानं नर्स पळत आली. ह्ये भिऊन दम कोंडायलते, हात झटकायलते. हिरवा झगा घालून मला आत घेतलं. ह्यांच्या नाकात नळी, डोळे फिरलेले, आन् शिट्टी गप.

"अक्का, बोला त्यांच्याशी. त्यांनी दम घ्यायला पाहिजे."

बोलायचं काय? मला वरडताच येतं. "अवं, दम कामून कोंडलाव? दोन वर्सं दुखणं माझ्यापासनं चोरून ठेवलाव, त्याचा जाब कोण देणार? घ्या दम! मेंढरं पल्याड गेलीत, शीळ घाला!"

फुर्र झालं. मग बारीक शीळ आली. डाक्टर डोळे मिटून ऐकायलते, नळी सरकवायलते. आवाज बसला की मागं घ्यायचे, वाढला की म्होरं. ह्ये कण्हायलते. एकदम ठसका लागला आन् कण्हणं बंद. ओठ हलायलते, पण आवाज न्हाई.

"गेले वो!" मी किंचाळले.

"नाही, अक्का. नळी श्वासाच्या वाटेत बसली, म्हणून गळ्याचा आवाज थांबला. शिट्टी ऐका."

शिट्टी जोरात वाजत हुती. दम आत जाताना बी, भाईर येताना बी. मी ह्यांचा हात धरून म्हणलं, "वाजवा मालक, वाजवा."

पीळ सुटला, माणूस घरी आलं. गुटखा सुटला, पण तोंड काय पहिल्यासारखं उघडत न्हाई. भाकर मीच कुस्करून देते. मेंढरांम्होरं आता शीळ बी मीच घालते. बाईमाणसानं शीळ घालू न्हाई, म्हणतात बाया. म्हणंनात का! ह्ये बांधावर बसून हसतात, उघडंल तेवढ्या तोंडानं.