तिसरी फुंक

"तारपा वाजतोय तवर शेजारच्याच्या कमरेवरचा हात सोडायचा नाय," रावजीने दुसरीच्या पोरांना महिनाभर बजावलं होतं. "तीन आखूड फुंका मारल्या की नाच संपला. मगच सोडायचा."

मनीषानेच हट्टाने बापाला पेठकडच्या पाड्यावरून नाशिकला आणलं होतं, शाळेच्या लोकनृत्य मेळाव्यासाठी. मैदानावर पंधरा पोरांची साखळी डोलत होती, मधोमध रावजी भोपळ्याचा लांबलचक तारपा फुंकत होता. साखळीच्या शेपटाला तिची लेक तृप्ती आणि तिला बिलगून छोटा स्वराज.

स्वराजचा बाप अमोल मोबाइल उंचावून उभा राहिला.

"ओ शेठ, बसा की खाली! आमची पोरं काय भाड्यानं आणलीत?" मागून एक जण ओरडला.

"नाही बसत. काय उपटणारेस?"

मागच्याने कॉलर ओढली. अमोलने वळून कानाखाली जाळ काढला. पाहता पाहता खुर्च्या फिरल्या, कुणाचं डोकं फुटलं, भाऊबंद धावून आले. पुढच्या नाचासाठी रचलेल्या लेझिमी हातोहात गेल्या. लोखंडी साखळ्या तोंडांवर सपासप बसू लागल्या. मांडवाचा बांबू उपटला, कापड गर्दीवर कोसळलं.

मनीषा पोरांकडे धावली आणि धक्का लागून आडवी झाली. कुणाचा तरी बूट तिच्या बोटांवरून गेला. आता पोरं पांगणार, पायाखाली येणार.

पण तारपा थांबला नव्हता. रावजी पोरांकडे तोंड ठेवून उलट्या पावलांनी वर्गाकडे सरकत होता, साखळी त्याच्यामागे निघाली होती. भिरकावलेली लेझीम त्याच्या तोंडावर बसली. ओठ फाटला. सूर घोगरला, तुटला नाही. उंबरठा ओलांडताना एक जण त्याच्यावर आदळला, तेव्हा मात्र भोपळा फुटला.

लंगडत आत शिरून मनीषाने कडी घातली. पंधराही पोरं उभी होती, एकमेकांच्या कमरेला हात घालून. तृप्तीच्या कपाळावरून रक्त ओघळत होतं.

"सोड गं आता, बाळा."

"आजानं फुंकलंय कुठं?"

रावजीने फुटका तारपा खाली ठेवला. फाटक्या ओठांनी नुसतीच हवा फुंकली. एक. दोन.

तेवढ्यात खिडकीचे गज हलले. अमोल होता. शर्ट रक्ताने भिजलेला, मुठीत लेझीम. "स्वराज! दार उघडा, माझं पोरगं आहे आत!"

स्वराजने बापाकडे पाहिलं आणि तृप्तीची कंबर आणखी घट्ट आवळली.

रावजीने तिसरी फुंक तोंडातच धरली.

"आधी हातातलं टाका," मनीषा म्हणाली.

"अहो वहिनी, मी त्याचा बाप..."

"ते त्यालाही दिसतंय. टाका."

अमोलने मुठीकडे पाहिलं, जणू ती दुसऱ्याचीच होती. लेझीम फरशीवर खणखणली.

तेव्हा रावजीने फुंकलं. पंधराही पोरांचे हात सुटले, आणि इतका वेळ एकही न रडलेली ती पोरं एकदम हंबरडा फोडून रडायला लागली.