सात किलो म्हणजे शंभर पौंड

अकोल्याच्या त्या जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीत एकोणीस हंगाम बॉयलर पेटवला नत्थुजीने, आणि एकसष्ट साली कौतुक कोणाचं? तर तीन हंगामांपूर्वी आलेल्या शेषरावचं! नत्थुजीचं पोट दुखायचं ते इथे, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

झालं असं, की सरकारने पौंड-इंच मोडीत काढले आणि किलो-सेंटिमीटर आणले. त्यातच बॉयलरवरचं दाबाचं जुनं घड्याळ बिघडलं आणि मुंबईहून नवं आलं. जुन्यावर दाब पौंडात दिसे, नव्यावर किलोत. मॅनेजरसाहेब चष्मा पुसत नव्या घड्याळापुढे उभे राहिले. त्यांनाही काही उमगेना. शेषराव उभ्याउभ्या म्हणाला, "एका किलोले सव्वाचौदा पौंड धरा साहेब. आपला शंभर पौंडाचा दाब सात किलोवर येते."

साहेबांनी त्याची पाठ थोपटली. बॉयलर मिस्त्रीची जागा रिकामीच होती. संक्रांतीला नाव ठरवतो म्हणाले आणि गेले. नत्थुजीने तर ती जागा मनातल्या मनात कधीच आपल्या नावावर करून टाकली होती. घरी बायकोला, मैनाबाईलाही, तसं सांगून बसला होता.

शेषरावने घड्याळाशेजारच्या भिंतीवर खडूने तक्ता लिहिला, एका बाजूला किलो, दुसऱ्या बाजूला पौंड. नत्थुजीने तो वाचला नाही. वाचला तर पोराची हुशारी मान्य केल्यासारखं झालं असतं! दाब बघायचं काम शेषरावकडे सोडून तो आपला भट्टीत कोळसा टाकत राहिला. संध्याकाळी घरी गेला, तर मैनाबाई भाकर वाढता वाढता म्हणाली, "तो शेषराव म्हणे तोंडीच हिशेब सांगते?"

"घरातबी त्याचंच नाव काहून?" म्हणत नत्थुजीने ताट सरकवलं.

मग शेषराव बहिणीचं बाळ बघायला अमरावतीला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बॉयलरवर नत्थुजी एकटाच होता. भिंतीवरचे ते ठळक आकडे जणू त्याच्याकडेच बघत होते. त्याने ओलं फडकं घेतलं आणि सगळा तक्ता पुसून काढला. जिवाला फार बरं वाटलं.

आकड्यांवाचून त्याचं काही अडणार नव्हतं. जुन्या लोकांची एक रीत होती, काटा सरळ उभा झाला की शंभर. नत्थुजीने एकोणीस हंगाम काटाच बघितला होता, आकडा नाही. पण नव्या घड्याळात काटा उभा व्हायचा तो आठ किलोवर, म्हणजे एकशे चौदा पौंडांवर. हे त्याला कोण सांगणार? तो कोळसा टाकत राहिला.

साडेसात किलोवर, जादा वाफ बाहेर सोडणारी सेफ्टीची झडप उडाली. वाफेची किंकाळी फॅक्टरीभर घुमली आणि सरकी काढायच्या रेच्यांवर कपाशी सोडणाऱ्या बाया लेकरं काखोटीला मारून बाहेर पळाल्या. नत्थुजीने घड्याळ बघितलं. काटा तर अजून तिरपाच! मग झडपच बिघडली असणार. आज प्रेस बंद पडली, तर मिस्त्रीची जागा गेलीच समजा. झडपेच्या दांड्यावर टांगून ती दाबून धरावी म्हणून त्याने एक लोखंडी वजन उचललं.

मागून कोणीतरी त्याचं मनगट धरलं. खांद्यावर पिशवी घेऊन शेषराव मोटारस्टँडवरून थेट आला होता.

"नत्थुकाका, एकशे सात पौंड झाले! वजन नोका टांगू, बॉयलर फुटंन!"

त्याने भट्टीची हवा बंद केली, बॉयलरात पाणी सोडलं. काटा हळूहळू उतरला आणि झडप बसली. बाहेर शंभर माणसं होती, त्यांचं काय झालं असतं हे नत्थुजीला कळत होतं. तरी मनात आलं ते हेच, की हेही श्रेय यालाच मिळालं.

मॅनेजरसाहेब धावत आले. "इथला तक्ता कुठे गेला?"

शेषरावने भिंतीकडे बघितलं. मग नत्थुजीच्या पायाशी पडलेल्या, खडूने पांढऱ्या झालेल्या फडक्याकडे.

"वाफेनं पुसला असंन साहेब. खडूच तो."

"पण तुला तर हिशेब तोंडपाठ. मग तक्ता लागतो कशाला?"

"मले नाई लागत. नत्थुकाकासाठी लिवला होता."

नत्थुजीच्या अंगाची आग झाली. गप्प बसला असता तर निभावलं असतं, जागाही कदाचित मिळाली असती. पण ती या पोराच्या उपकारावर? शेषरावची हुशारी त्याने कशीबशी सोसली होती, त्याचा मोठेपणा मात्र सोसवेना.

"म्या पुसला साहेब," तो म्हणाला. "या फडक्यानं."

"का?"

"मले याचं चांगलं पाहवत नाई."

साहेबांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "आता संक्रांतीपर्यंत थांबायचं कारण नाही," ते म्हणाले. "शेषराव, आजपासून मिस्त्री तू." आणि ते बाहेर बायांना आत बोलवायला गेले.

शेषराव मान खाली घालून उभा होता. नत्थुजीने फावडं उचललं, भट्टीचं दार उघडलं, आणि तिच्याकडेच तोंड ठेवून विचारलं, "कितीवर ठेवू, मिस्त्री?"