डोहातलं लोखंड

बार झाला तेव्हा मी ऋतिकाला केळं सोलून देत होते.

आवाज कानांत येण्याआधी पायांत आला. काठाची वाळू हलली, डोहाच्या मधोमध पाण्याचा पांढरा खांब उभा राहिला आणि आमच्या अंगावर चिखल, शेवाळ, माशांचे तुकडे पडले. ऋतिकाच्या फ्रॉकवर एक डोळा येऊन चिकटला. माशाचा. मी तो झटकला आणि आधी तिचे कान पाहिले, मग डोळे, मग एकेक बोट. तिचं तोंड उघडं होतं. रडं मागून आलं.

"मनोज!" भूपेश ओरडला आणि धावत सुटला.

मला याचीच भीती होती. या डोहापायी कुणीतरी मरणार आणि तो माझा नवरा असणार, हे मी लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यापासून मनात घोकत आले होते. भूपेशला सांगितलं की तो हसायचा. "नेत्रा, मासे धरतो आम्ही. तेही सोडून देतो."

ते खरं होतं. भूपेश काल्हेरच्या गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे, आम्ही राहतो टेमघरला, पण त्याचं गाव अंबाडीच्या पुढे, तानसा नदीच्या काठावर. रविवार आला की तो आणि त्याचं गळ मंडळ नदीवर. मंडळाचे अध्यक्ष केसरीनाथकाका. काल्हेरला त्यांची स्वतःची गोडाऊनं आहेत, गळ्यात बोटाएवढी जाड चेन, आणि खडस मासा दिसला की लहान पोरासारखे टाळ्या वाजवतात. खडस म्हणजे सोनेरी खवल्यांचा मोठा मासा. पूर्वी नदीत भरपूर होता, आता याच डोहात काय तो उरलाय. मंडळवाले गळाचे आकडे पक्कडीने दाबून बोथट करतात, मासा धरला की ओल्या हातानेच सोडवतात आणि परत पाण्यात सोडतात. गावात त्याची टिंगल होते. सगळ्यात जास्त टिंगल करणारा मनोज, भूपेशचा धाकटा चुलतभाऊ.

"दादा, मासा धरायचा, फोटो काढायचा, मुका घ्यायचा नि सोडून द्यायचा," तो माझ्यादेखत म्हणाला होता. "वयनीलाबी असाच सोडून देशील काय रं?"

मनोज खदानीत सुरुंग लावायच्या कामावर आहे. पण तो आधी बार टाकत नव्हता, जाळं लावायचा. रेती उपसून उपसून डोहाचा तळ साफ झालेला, माशांना लपायला दगड उरला नव्हता. म्हणून मंडळाने गेल्या वर्षी तळाला बाभळीच्या फांद्या टाकल्या. त्या पावसात वाहून गेल्या. मग काकांना युक्ती सुचली. भिवंडीत बंद पडलेले कापडाचे लूम भंगारात जात होते. त्यांच्या बाजूच्या लोखंडी चौकटी काकांनी आणल्या, कडा मुद्दाम धारदार ठेवल्या, आणि यंदा पाणी कमी झाल्यावर भूपेश आणि त्यांनी मिळून चार चौकटी तळाला बसवल्या. माशांना आसरा मिळाला. ज्याने कुणी जाळं लावलं त्याचं फाटलं. मनोजचं दोनदा फाटलं. गावाला मंडळाने सांगितलं होतं, परत बाभूळच टाकलीय.

जाळं चालेना म्हणून त्याने बार आणला.

मी ऋतिकाला काखेत घेऊन केसरीनाथकाकांच्या पिकअपच्या आडोशाला गेले, पण पाहायचं थांबवता येईना. मनोज वरच्या अंगाला खडकावर उभा होता, उघडा, चड्डीवर. त्याच्यासोबतचा माणूस सुरुंगाच्या तोट्यांची पिशवी छातीशी धरून करवंदीच्या जाळीत पळाला. पाण्यावर पांढरी पोटं वर येत होती. लहान मासे. मोठे बाराने मरतात ते तळाला जातात, हे मला भूपेशनेच सांगितलं होतं.

"काय केलंस रं भडव्या!" भूपेशने त्याची मान धरली.

"सोड. मासं गोळा करू दे."

"अंडी होती तिच्या पोटात! खडशीच्या!"

"मग डॉक्टर बोलाव. बाळंतपण कर तिचं."

भूपेशने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. मनोज वाकला, आणि वर आला तेव्हा त्याच्या हातात दगड होता. तो त्याने भूपेशच्या भुवईवर असा मारला, जसा नारळ फोडतात. आवाजही तसाच आला. भूपेश गुडघ्यावर बसला. रक्त डोळ्यात, नाकावर, शर्टावर. मी किंचाळले असेन, कारण ऋतिकाने माझ्या तोंडावर हात ठेवला.

केसरीनाथकाका पिकअपमधून चाकाचा पाना घेऊन निघाले. साठी उलटलेला माणूस. धावले नाहीत, चालत गेले. तेच जास्त भयानक होतं.

"काका, नको!"

त्यांनी ऐकलं नाही. पाना मनोजच्या खांद्यावर बसला. काहीतरी मोडलं. मनोज कुत्र्यासारखा ओरडला आणि मागे सरकत पाण्यात गेला, कमरेपर्यंत.

"ये म्हाताऱ्या. ये ना पान्यात. चेनीसकट बुडवतो तुला."

"तू भायेर ये," काका म्हणाले. "दुसरा हात बाकी हाय."

"मासं घेतल्याबिगर न्हाय जात. माझ्या आज्याचा डोह हाय हा. याचा तळ माझ्या तळहातासारखा हाय."

असं म्हणून तो एका हाताने सूर मारून खाली गेला.

तळ त्याला खरंच पाठ होता. भूपेशलाही. दोघे याच डोहात पोहायला शिकले, एकाच भोपळ्यावर. पण मनोजला पाठ असलेल्या तळात लोखंड नव्हतं.

भूपेशच्या हे माझ्याआधी लक्षात आलं. तो रक्त पुसत उठला. "मनोज! तिथं नको! मन्या!"

पाण्यावर बुडबुडे आले. गढूळ होतं, तरी आता त्यात लाल मिसळलेलं दिसत होतं. मग पाण्याखाली वीतभर, त्याची बोटं दिसली. उघडत होती, मिटत होती. वर येत नव्हती.

"अडकला," भूपेश म्हणाला.

"अडकू दे," काका म्हणाले. "थोरा दम लागू दे. अक्कल येल."

"शेठ, मरेल तो!"

"मरू दे. तुझा डोला फोडला त्यानं."

भूपेश पाण्याकडे वळला आणि मी आडोशातून धावत येऊन त्याला धरलं. मागून, शर्टाची कॉलर आणि पट्टा, दोन्ही हातांनी. ऋतिका माझ्या पायाशी खाली बसली होती. मला आठवतंय मी काय म्हणत होते. "तू नाही. तू नाही जायचंस. लोखंड आहे तिथे. तुला एका डोळ्याने दिसत नाहीये. भूपेश, तुला मुलगी आहे."

"सोड."

"नाही सोडणार."

"नेत्रा, माझा भाऊ हाय तो!"

मी सोडलं नाही. त्याने कोपर मागे मारलं. माझा ओठ दातावर फुटला आणि हात सुटले. मी खाली बसले तेव्हा तो पाण्यात नव्हताच, पाण्याखाली होता.

बोटं आता मिटली होती.

भूपेश वर आला, श्वास घेतला, गेला. परत वर आला. "पाय! चौकटीच्या बेचक्यात पाय गेलाय. निघत नाही. दोर टाका!"

काका हलले नाहीत. पाना हातात, डोळे पाण्यावर. मला वाटतं त्यांना तेव्हाच कळलं होतं, की माणूस मेला तर तो त्यांच्या लोखंडावर मरणार. आणि कळलं म्हणूनच पाय जागचे हलत नव्हते.

मी ऋतिकाला उचललं, पिकअपच्या केबिनमध्ये टाकलं, काच वर केली. ती काचेवर हात आपटत होती. मी तिच्याकडे पाठ केली. आयुष्यात पहिल्यांदा. मागे हौद्यात माल बांधायचा दोर होता. एक टोक गाडीच्या मागच्या हुकात अडकवलं, दुसरं घेऊन पाण्यात गेले. छातीपर्यंत. मेलेले मासे गळ्याला लागत होते. भूपेशने माझ्या हातून टोक ओढून घेतलं आणि चौकटीला बांधायला खाली गेला.

"काका, गाडीत बसा!"

"गारी खेचली तर पाय फाटंल त्याचा."

"फाटू दे पाय! बसा गाडीत!"

ते बसले. मी आजवर कुठल्या मोठ्या माणसाशी असं बोलले नव्हते.

दोर ताणला. गाडीची चाकं वाळूत घसरली, मग पकडली. पाण्याखाली लोखंड दगडावर घासल्याचा आवाज आला, आणि मग दुसरा एक आवाज, जो मी इथे लिहिणार नाही. चौकट वर आली. तिच्यासोबत मनोज आला, उलटा, एक पाय बेचक्यात, बाकीचा देह ओल्या गोणीसारखा मागे. भूपेश त्याचं डोकं दोन्ही हातांनी पाण्यावर धरून पोहत होता.

काठावर त्याचा पाय सोडवला तेव्हा टाचेच्या वर पांढरं दिसलं. हाड असेल, नस असेल. भूपेश त्याच्या छातीवर बसला आणि मुठी मारत सुटला. वाचवतोय की मारतोय हे कळत नव्हतं. "उठ! उठ ना रं! भडव्या, उठ!" प्रत्येक ठोशाला त्याच्या भुवईचं रक्त मनोजच्या तोंडावर गळत होतं.

मनोजने पाणी ओकलं. मग श्वास घेतला, करवतीसारखा. डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलला ते असं. "तुझ्या आयला... लोखंड?"

बाराचा आवाज गावापर्यंत गेला होता. ठकुबाई, मनोजची आई, माझी चुलत सासू, लुगड्याचा काष्टा धरून धावत आली. तिने पोराचा पाय पाहिला, चौकट पाहिली, आणि समोर जी पहिली भेटली तिच्या, म्हणजे माझ्या, तोंडात मारली. फुटलेल्याच ओठावर.

"तुमचं मासं जगवा," ती म्हणाली. "आमची पोरं मारा."

मी गाडीकडे वळले. पिकअपची काच खाली केली. ऋतिकाने सगळं पाहिलं होतं. ती मला बिलगली नाही. थोडी मागे सरकली.

*

दवाखान्यात भूपेशला भुवईवर टाके पडले, मला ओठाला. मनोजच्या पायाला पट्टी बांधून, हात झोळीत अडकवून त्याला स्ट्रेचरवर कॉरिडॉरमध्ये ठेवलं होतं, ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायची गाडी यायची होती. जखम बघून डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं होतं. हवालदार यायच्या आत केसरीनाथकाका स्ट्रेचरवर वाकले.

"मनोज. घसरलास. पत्र्यावर पाय पडला. काय?"

"घसरलो. नि बाराचं?"

"कसला बार? आमी आयकलाच नाय."

मनोज हसला. त्याचे दात अजून लाल होते. "शेठ, पाय बरा होऊ दे. पुढल्या टायमाला दोन तोटं एकदम."

"ये. मी पन अजून लोखंड टाकतंय."

लग्नाची बैठक ठरवावी तसे दोघे बोलत होते. मला वाटलं भूपेश आता काहीतरी म्हणेल. त्यानेच तर पाण्यातून काढलं होतं त्याला. भूपेश भिंतीला टेकून उभा होता, एक डोळा सुजून बंद.

"लोखंड नको, शेठ," तो म्हणाला. मी सुटकेचा श्वास घेणार, तेवढ्यात पुढे म्हणाला, "मीच बसतो राखणीला. रोज, ड्युटी सुटली की."

"बस," मनोज म्हणाला. "तुझ्या मांडीवरच बार टाकतो, दादा."

त्यात राग नव्हता. तो दादा अगदी मनापासूनचा होता.  मी तिघांची तोंडं पाहिली. कुणीही मस्करी करत नव्हतं. ही तर सुरुवात होती, आणि सगळे तयार होते.

हवालदार आले. मनोजचा पाय पाहिला, भूपेशची भुवई पाहिली, माझा ओठ पाहिला.

"कसं लागलं?"

"घसरला," काका म्हणाले.

"सगळेच घसरले वाटतं?"

 ठकुबाई माझ्या शेजारी बाकावर होती. तिने माझा दंड धरला, नखं आत रुतवून, आणि पुटपुटली, "नेत्रा, त्वांड उघडू नको. घरातलं हाय. पोरगा आत जाईल माझा."

"माझाही नवरा जाईल, काकू," मी म्हणाले.

तिची पकड ढिली झाली नाही. तिला वाटलं मी कबूल झाले. भूपेशलाही तसंच वाटलं असणार, कारण त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली, हळूच, शहाण्या बायकोला हलवतात तशी. मी ऋतिकाला मांडीवरून उचलून कडेवर घेतलं आणि उभी राहिले. दंड सोडवताना कातडी सोलली.

"साहेब, हा घसरला नाही. याने डोहात सुरुंगाचा बार टाकला. याच्यासोबत अजून एक जण होता, तोट्यांची पिशवी त्याच्याकडे आहे."

"नेत्रा!" भूपेश भिंतीपासून सुटला.

"आणि डोहात लोखंड आहे. आम्ही टाकलंय. एक चौकट बाहेर निघाली, तीन आत आहेत. गावची पोरं तिथे उड्या मारतात."

बोलताना टाका ताणला, ओठातून रक्त हनुवटीवर आलं. काका म्हणाले, "पोरगी घाबरलीये, सायब, तिचा काय आयकता." ठकुबाईने कपाळ बडवून घ्यायला सुरुवात केली. मनोज स्ट्रेचरवरून मला शिव्या देत होता, एकेक, सावकाश, आईबापांपासून सुरू करून. भूपेश माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याची मूठ मिटलेली होती. एक डोळा बंद, दुसऱ्यात पाणी. सकाळपासून त्याच्याकडून माझ्यापर्यंत एक कोपर पोचलं होतं. मी मूठ पाहिली आणि हलले नाही.

हवालदार मध्ये आले. "बाई, लोखंड टाकलं कुणी? नाव सांगा."

"या केसरीनाथकाकांनी," मी म्हणाले. "आणि माझ्या नवऱ्याने."

"नवऱ्याचं नाव?"

भूपेश माझ्याकडे बघत होता. जिवंत होता. हातपाय धड होते.

मी नाव सांगितलं. आडनावासकट.