वर्तुळातला वरवंटा

मी वरवंटा बोलतोय. पाट्यावर मिरची-खोबरं वाटणारा, तोच. माझं अर्धं आयुष्य वाटणात गेलं आणि अर्धं शाळेत, म्हणून चार शब्द बोलता येतात. गोड बोलण्याची अपेक्षा मात्र ठेवू नका, मिरची मुरलीय माझ्यात.

मुरबाडच्या बाजारात एका पाथरवटाकडून सकुबाईनं मला आणि पाट्याला घेतलं. डोळखांबच्या डोंगरातल्या तिच्या घरी आम्ही दोघं संसाराला लागलो. पुढं छिन्नीनं टाकी लावून खरखरीत करताना पाटा मधोमध फुटला आणि माझी रवानगी दाराशी झाली. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून मला तिथं लावून ठेवत. येताजाता लोक मला ठेचकाळायचे आणि वर मलाच शिव्या घालायचे.

तिथून मला उचललं सकुबाईच्या मुलीनं, योगिनीनं, आणि शाळेत नेलं. शाळा म्हणजे गावाबाहेरचं एक कौलारू घर. आईबापांमागं वीटभट्टीवर जाऊन ज्यांची शाळा सुटली, ती पोरं तिथं पुन्हा शिकत. गणवेश नाही, घंटा नाही. सकाळी अंगण झाडायचं, नाचणीच्या वाफ्याला टेप लावून क्षेत्रफळ शिकायचं, पाळीपाळीनं भात शिजवायचा आणि दुपारी दहावीची पुस्तकं उघडायची. शिकवणारे दोघंच, भूमिकाताई आणि आदेशदादा. त्यांना सर-मॅडम म्हटलेलं चालत नसे.

रोज सकाळी सगळे गोल बसत. ज्याच्या हातात मी, त्यानं बोलायचं. बाकीच्यांनी, ताई-दादांनीसुद्धा, तोंड मिटून ऐकायचं. माझी निवड वजनामुळं झाली होती. मला धरून फार वेळ बडबडता येत नाही, हात भरून येतात. आदेशदादांची भाषणं माझ्यामुळं आटोक्यात राहिली, हे मी अभिमानानं सांगतो.

त्या गोलात बोललेलं वाया जात नसे. एकदा सूरजनं मला पोटाशी धरून सांगितलं, "माला भट्टीवर नेतायत." त्याच संध्याकाळी ताई-दादा त्याच्या घरी गेले, बापाला समजावलं. घरचे भट्टीवर गेले, सूरज शाळेत राहिला. योगिनीनं ते नीट पाहून ठेवलं होतं.

मग दिवाळी झाली, भाताची झोडणी उरकली. योगिनीच्या बापानं, मंगळूनं, भट्टीच्या मुकादमाला कामावर यायचा शब्द दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी भट्टीची गाडी येणार होती. योगिनी संध्याकाळी ताईंकडं गेली.

"ताई, माला बोलायचंय."

ताई दुसऱ्या दिवशी शाळा बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी तांदूळ निवडत होत्या. "उद्या गोलात बोल गं, सगळ्यांसमोर. मुंबईचे पाहुणेही ऐकतील."

योगिनीनं मान हलवली. मला धुवायला विहिरीवर नेलं आणि पुटपुटत राहिली, "बा आमाला भट्टीवर नेतोय. माला नाय जायाचं. माला दहावीला बसायचंय." इतकी वेळा म्हणाली, की ती तीन वाक्यं मलाही पाठ झाली.

सकाळी गोलात पाहुण्यांना मी फार आवडलो. प्रत्येकानं मला धरून फोटो काढला. त्यातल्या भावेश नावाच्या गृहस्थांनी तर मला मांडीवर ठेवलं आणि बोलायला लागले. मांडीवर! सगळा नियम माझ्या वजनात होता, तो यांनी मांडीवर ठेवून मोडला. मुलांना बोलतं केलं पाहिजे, मुलांचं ऐकलं पाहिजे, असं ते सांगत राहिले. मुलं तोंड मिटून ऐकत राहिली. मग बाकीचे पाहुणे बोलले. तेही मांडीवर ठेवूनच.

माझ्यात आणि योगिनीत तीन पोरं उरली, तेव्हा भूमिकाताई म्हणाल्या, "भात निवतोय. उरलेले उद्या बोला हं." सगळे जेवायला उठले. योगिनी हात पुढं करून तशीच बसली होती. दुपारी गाडी आली.

कळल्यावर आदेशदादा चिडले. "अरे, पण मध्येच बोलायचं ना तिनं! कुणी अडवलं असतं?"

सूरज म्हणाला, "तिच्याकं वरवंटा कुठं आल्ता, दादा?"

दादा भट्टीवर जाऊन आले. "आता कामाला लागलोय, मधीच नाय सोडता येत," मंगळू म्हणाला. परीक्षेचा अर्ज भरायची मुदत गेली.

पाहुणे मात्र खूश होते. त्यांच्या कृपेनं शाळेला नवं सभागृह मंजूर झालं. उन्हाळ्यात विटांचा टेंपो आला, आणि विटा उतरवायला मंगळू आणि योगिनी. अंगणाला उतार. ड्रायव्हर ओरडला, "चाकाला काय तरी लावा रे!" गोल भरायचा होता, मी ओट्यावर होतो. योगिनी आली आणि मला दोन्ही हातांनी उचललं.

सगळं अंगण गप्प झालं. सवयच ती. पोरं गप्प, दादा गप्प. ताईंनी तोंड मिटलं, डोळे भरून आले होते त्यांचे. योगिनीनं सगळ्यांकडं पाहिलं. मी मनात म्हटलं, बोल पोरी, आता तुझी पाळी आहे.

"चाक सरकंल," ती म्हणाली, आणि वाकून मला टेंपोच्या चाकाखाली सारलं.

आता मी सभागृहातल्या काचेच्या कपाटात असतो. मला धरून ताईंना बोलवत नाही, म्हणून गोलात कापडी चेंडू फिरतो. तो हलका आहे, कितीही वेळ बोलता येतं. तुम्ही कधी आलात, तर माझा फोटो काढू नका. मला बाहेर काढा, दोन्ही हातांत धरा आणि बोलून झालं की लवकर पुढं द्या. कडेला कुणीतरी तीन वाक्यं पाठ करून बसलेलं असतं.