मुक्यानं जायचं नाही

"नदीवर मुक्यानं जायचं नाई, गोदा. ज्योत हाती असली का तोंड उघडं ठेवजो. आवाज बारीक असला तं असू दे, पन असू दे."

जेठीमायचे हे शब्द त्या दिवशी सकाळपासून माझ्या कानात होते. मी चुलीपाशी बसून कणकेचा दिवा घडवत होते. चार वातींचा, चार कोपरे चिमटीनं बाहेर ओढलेला. असा दिवा आमच्या कुळात कोणी केलेला नव्हता, त्यामुळे एक कोपरा सारखा ढासळत होता. आमचे यजमान कापसाच्या जिनिंगवर कामाला निघाले होते. दारात थबकून त्यांनी पाहिलं.

"कावं, आपल्या देवाचं स्तोत्र तं तुह्या तोंडी अर्धं राह्यते. आता सिंध्याचं म्हनशीन का भररस्त्यानं?"

"म्हनीन."

"पोट्टे हासतीन."

"हासू द्या."

मी सहसा त्यांना उलटून बोलत नाही. त्यांनी डबा काखेत मारला आणि ते गेले.

जेठीमाय आमची शेजारीण. दोन घरांत एकच भिंत. फाळणी झाल्यावर कराचीहून बोटीनं मुंबई, तिथून आगगाडीनं या छावणीतून त्या छावणीत, असं करत ती मुलाबरोबर अकोल्याला येऊन पडली. नवरा वाटेतच, एका छावणीत गेला. तिचे भाऊबंद गावाबाहेरच्या सिंधी कॅम्पात राहिले, पण मुलानं, टेकचंदनं, आमच्या गल्लीत कापडाचं दुकान टाकलं, म्हणून ही इकडे. सुरुवातीला कोणी तिचं नाव विचारलं नाही. सगळ्या तिला 'निर्वासितीण' म्हणत. समोरच्या केशरबाई तर नळावर तिच्या बादलीपासून आपली बादली हातभर लांब ठेवायच्या.

"ह्या बाया मासोया खातात," केशरबाई तिच्या देखत म्हणाल्या होत्या.

जेठीमाय तेव्हा नुकतीच इकडची बोली शिकत होती. ती शांतपणे म्हणाली, "खात होती. सिंधूच्या काठी होती तवर. तुमच्या मोर्णा नदीत तं बेंडकंच हायेत. थे कोन खाईन, बाई?"

नळावरच्या सगळ्या हसल्या. केशरबाईंनाही हसू आवरलं नाही. त्या दिवसापासून बादल्या जरा जवळ आल्या.

आमची ओळख मात्र जमली ती उपासावरून. माझा सोमवारी अळणी खायचा नेम. एका सोमवारी तिनं भिंतीवरून वाटीभर कढी पुढे केली, आणि मी ती घेतली नाही. तिला वाटलं, सिंधिणीच्या हातचं म्हणून.

"मीठ चालत नाई आज," मी म्हटलं. "नेम हाय."

तिचा चेहराच बदलला. "नेम करते तू? मंग आधी सांगाव न! माह्याही हाय." आणि भिंतीला टेकून तिनं मला तिच्या व्रताबद्दल सांगितलं. आषाढ-श्रावणात चाळीस दिवस त्यांच्या पाण्याच्या देवाचं व्रत. ती त्याला चालिहो म्हणायची. कोपऱ्यात मातीची घागर मांडायची, तिच्यापुढे अखंड ज्योत. रोज संध्याकाळी दोन्ही हातांनी पदर पसरून गाणं म्हणत मागायचं, आणि शेवटच्या दिवशी घागर वाहत्या पाण्यात सोडायची.

माझा तेव्हा लक्ष वातींचा नेम चालू होता. घरच्या शेतातला कापूस पिंजून रोज वाती वळायच्या. तिच्या ज्योतीला बाजारचा कापूस पुरत नसे, वात काजळी धरायची. मी म्हटलं, माझ्या वाती ने. तिनं नेल्या. पुढे पुढे मीच कापसाची टोपली घेऊन संध्याकाळी तिच्याकडे बसू लागले. ती पदर पसरून गायची, मी वाती वळायची. कोणी मला शिकवलं नाही. जात्यावरच्या ओव्या लहानपणी जशा आपोआप तोंडात बसतात, तसं ते मागणं वर्षागणिक माझ्या तोंडात बसत गेलं. अर्थ मी एकदाच विचारला.

"काय अर्थ हाय त्याच्यात?" ती म्हणाली. "लेकराले दे. वाटेवर असन त्याले घर दाखव. ज्याच्या घरी दिवा लावाले कोनी नाई, त्याच्या घरी तूच लाव. माह्या सासूनं मले असं सांगतलं. तिच्या सासूनं तिले."

आणि मग, माझ्याकडे पाहत, "तुमच्या देवाजवळ काय दुसरं मागतात?"

नाही. हेच मागतात.

ज्या वर्षी महाराष्ट्र राज्य झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. उन्हाळ्यात नगरपालिकेवर दिव्यांच्या माळा लागल्या. आमचे यजमान वेगळ्या विदर्भाचे. त्यांनी त्या दिवशी घरात गोड करू दिलं नाही. मी नेहमीप्रमाणे देवापुढे गुळाचा खडा ठेवला, तो मात्र त्यांनीच खाल्ला.

त्याच महिन्यात चौकातली पोरं टेकचंदच्या दुकानी आली. पाटी मराठीत करा म्हणाली. नीटच बोलली. पण त्यातला एकजण वर बोट दाखवून म्हणाला, "शेठ, हे पाकिस्तानी अक्षर काहून ठेवलं अजून?"

पाटीच्या वरच्या ओळीत टेकचंदच्या वडिलांचं नाव त्यांच्या सिंधी अक्षरांत होतं, उजवीकडून डावीकडे लिहिलेलं. खाली तेच हिंदीत. टेकचंदनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी स्टुलावर चढून त्यानं सबंध पाटीला निळा रंग दिला आणि वर मुलीच्या नावानं 'शालू वस्त्रभांडार' लिहून घेतलं. जेठीमाय ओट्यावरून पाहत होती. नवऱ्याचं नाव रंगाखाली गेलं तेव्हा तिनं डोक्यावरचा पदर थोडा पुढे ओढला. बाकी काही नाही.

मग शाळा उघडल्या. शालू एकदा वर्गात रागाच्या भरात सिंधीत काही बोलली आणि मुलींनी तिला दिवसभर 'पाकिस्तानी' म्हणून चिडवलं. ती रडत घरी आली. त्या संध्याकाळी मी वाती घेऊन गेले, तेव्हा टेकचंद नुकताच दुकानातून येऊन उभा होता. त्यानं हल्ली पुस्तकातल्यासारखं बोलायला सुरुवात केली होती.

"आजपासून या घरात फक्त मराठी बोलली जाईल, अमां."

"मंग मी काय बोलून राहिली?" जेठीमाय म्हणाली.

"ही नाही. शाळेतली मराठी. पुण्याहून नवीन बाई आल्या आहेत. त्या म्हणतात, मले-तुले चालणार नाही. शालूला दोन्हीकडून बोलणी बसतात."

जेठीमायनं माझ्याकडे पाहिलं. "ऐकलं का गोदा? तुहीही गेली अन् माहीही गेली."

मला हसू आलं, पण टेकचंद हसला नाही. तो वाईट माणूस नव्हता. छावणीत असताना पाण्याच्या रांगेत त्यानं मार खाल्ला होता. मुलीला तसलं काही पाहावं लागू नये, एवढंच त्याचं म्हणणं.

"अमां, तुझं व्रत तू कर. पण गाणं मनात म्हण. रस्त्यावर आवाज जातो. देव मनातलंही ऐकतो."

"मनातलं ऐकते, पुट." ती त्याला आपल्या भाषेत 'बाळा' म्हणाली, आणि मग हळूच, "पन पदर तं बाहेर पसरा लागते न."

तिनं वाद वाढवला नाही. त्या वर्षीच्या चालिहोत ती घागरीपुढे पदर पसरून बसायची आणि तिचे फक्त ओठ हलायचे. मी वाती वळायची. तिची मान ज्या ठिकाणी डोलायची, त्यावरून मला कळायचं कुठल्या ओळीवर आली ते. वाटेवरच्या माणसाच्या ओळीला ती नेहमी डोळे मिटायची. तेवढं तसंच होतं.

व्रत अर्ध्यावर आलं आणि तिचे पाय सुजले. डॉक्टरांनी मीठ बंद केलं. ती मला म्हणाली, "पाहाय, आता मीही सोमवारवाली झाली." पण चेहरा उतरला होता. उठवेना. एका दुपारी सून स्वयंपाकात असताना तिनं माझा हात धरला आणि ते सांगितलं. नदीवर मुक्यानं जायचं नाही, म्हणून.

"तुमीच जासान न, माय," मी म्हटलं.

"मी गेली तं बरंच हाय. नाई गेली तं तू. अन् माह्या तोंडानं जाजो. तुले येते. मी का पाहत नाई वाती वळतानी तुहे ओठ?"

मला वाटलं होतं, तिला दिसत नसेल. मी हो म्हटलं. नेमाच्या बाईनं हो म्हटलं की झालं.

समाप्तीला थोडे दिवस उरले होते, तेव्हा ती पहाटे गेली.

घरात रडणं चालू होतं आणि कोपऱ्यात ज्योत जळत होती. तेल तळाला आलं होतं. सून घालायला उठली, तर कॅम्पातून आलेले त्यांचे भटजी म्हणाले, हात लावू नको. घराला सुतक. कॅम्पातले भाऊबंद आले होते, त्यांनाही तेच. सगळे त्या एका वातीकडे पाहत उभे राहिले.

टेकचंद भिंतीला पाठ लावून बसला होता. त्याची पुस्तकी भाषा गळून पडली होती. "बुझने दो," तो म्हणाला. "जिसका था वो गई."

आमच्याकडेही सुतकात घरच्या देवाला दिवा लावायला परगोत्रातलं माणूस लागतं. मी पुढे झाले.

"थांबा टेकूभाऊ. मी तुमच्या कुळाची नाई, जातीची नाई. मले सुतक नाई." आणि भटजींना विचारलं, "चालते का?"

"परक्यालाच चालतं, बहेन," ते म्हणाले.

तेल घालून मी ज्योत आणि घागर माझ्या घरी आणली आणि देव्हाऱ्याशेजारी मांडली. जेठीमायला नेऊन आल्यावर माणसं पांगली, तेव्हा केशरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"गोदाबाई, कोनाचा देव घरात घेतला तुमी? बाटान न."

"दिवा हाय केशरबाई. शेजारच्या घरचा. सुतक फिटेपावतर."

"अन् नदीवर?"

"मीच नेईन."

त्या निघून गेल्या. संध्याकाळी मात्र परत आल्या, आणि काही न बोलता उंबरठ्यावर तेलाची वाटी ठेवून गेल्या.

समाप्तीच्या आदल्या दिवशी टेकचंद आला. सुतकातला माणूस, म्हणून बाहेर अंगणातच उभा राहिला. दाढी वाढलेली.

"वहिनी, आपले उपकार आहेत. पण उद्या शांतपणे जावं. चौकात ती मुलं बसलेली असतात. काही म्हणायचंच असेल तर गणपतीची आरती म्हणावी. देवाला काय, सगळं सारखंच."

"टेकूभाऊ, मी तिले हो म्हटलं हाय."

"ती आता पाहायला येणार आहे का?"

त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते माझ्या लक्षात आलेलं त्याला नको होतं. तो वळला आणि निघून गेला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो कणकेचा दिवा घडवत होते. ढासळणारा कोपरा शेवटी ओल्या बोटानं बसवला. खडीसाखर, वेलची, तांदूळ पुडीत बांधले. दिवसभर पाण्यावर राहिले. संध्याकाळी लुगडं बदलून, चुंबळ डोक्यावर ठेवून घागर उचलणार, तेवढ्यात यजमान आले. रोजच्यापेक्षा लवकर. धोतराचा काठ चिखलानं भरलेला.

"घाटावर शेवाळ हाय लय," ते पाय धूत म्हणाले. "डाव्या अंगानं उतरू नको. उजवीकडे खडक हाय, तिथून सोडजो."

जिनिंगच्या वाटेवर घाट लागत नाही.

त्यांनीच घागर उचलून माझ्या डोक्यावर दिली. तिच्या तोंडावर ताटली, ताटलीत दिवा. चारही वाती माझ्याच हातच्या होत्या आणि नीट जळत होत्या. एका हातानं घागर धरली, दुसऱ्या हातात पदराचं टोक घेतलं, आणि रस्त्यावर आले.

शेजारच्या दारात टेकचंद उंबरठ्याच्या आत उभा होता. सुतकामुळे त्याला ज्योतीजवळ यायचं नव्हतं, तिला हात लावायचा नव्हता. त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला, त्याची दोन टोकं दोन हातांत धरली आणि तो पोटाशी पसरून उभा राहिला. माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढे चौकात पानठेल्याच्या बाकावर ती पोरं बसलेली दिसत होती. एकानं मान वळवली, मग दुसऱ्यानं. ठेलेवाल्यानं कंदील पेटवता पेटवता हात थांबवला. मी पदराचं टोक घट्ट धरलं, वाती वळताना म्हणत असे तशी ओळ सुरुवातीपासून धरली आणि पाऊल टाकलं.

आवाज बारीक होता. पण होता. मी मोर्णेच्या रस्त्याला लागले.